कॅरिबियनचं जहाज, मुंबईचा धक्का आणि आमच्या दोन रात्री

आमच्या कोसाडच्या सोसायटीत दर दोन घरांआड एका घरातलं कुणीतरी अमेरिकेत आहे. सुरतेच्या उत्तरेला, तापीपलीकडचं हे जुनं गाव आता महापालिकेत आलं. शेतं गेली, इमारती उभ्या राहिल्या. पण संध्याकाळी ओट्यावर बसून गप्पा मारायची गावाची सवय राहिली. बेळगावची मी इथे सून म्हणून आले, त्याला आता बरीच वर्षं झाली. शेजारच्या बेन न्यू जर्सीला लेकीकडे तीन महिने राहून आल्या, तेव्हा त्यांच्या फोनमधले फोटो बघायला आम्ही सगळ्या ओट्यावर जमलो. पांढरंशुभ्र जहाज, निळंहिरवं पाणी, नारळाची झाडं आणि साडीवर ऊन-टोपी घातलेल्या बेन!

'मायामीहून बहामा. चार रात्री,' बेन म्हणाल्या. 'कॅरिबियन क्रूझ!'

खरं सांगायचं तर कॅरिबियन म्हटलं की आमच्या घराला क्रिकेटच आठवतं. 1971 साली वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडिजला त्यांच्याच घरी पहिल्यांदा हरवलं आणि सुनील गावसकरांनी चार कसोटींत 774 धावा काढल्या, ही गोष्ट वडील जेवताना इतक्या वेळा सांगायचे की आम्हा भावंडांना ती पाठ झाली होती. तिथे सुट्टीला जायचं असतं, हे डोक्यात कधी आलंच नव्हतं.

त्या रात्री बेळगावला आईला फोन केला तेव्हा सहज हे सांगितलं. आई थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, 'मी पण बसलेय गे आगबोटीत. वेंगुर्ल्याहून. बाबांबरोबर.'

एवढं वाक्य पुरलं. आईला एकदा बोटीत बसवायचं, हे मी त्या रात्रीच ठरवलं. पुढे काय काय शिकले, कुठे फसले आणि काय पदरात पडलं, ते इथे सांगते. कुणाला उपयोगी पडलं तर बरंच.

कॅरिबियनचा हिशेब

आधी बेनच्या सफरीबद्दल. त्यांना खोदून खोदून विचारलं तेव्हा काही गोष्टी कळल्या.

एक म्हणजे, तीन-चार रात्रींच्या बहुतेक छोट्या 'कॅरिबियन' सफरी फ्लोरिडातून निघून बहामाला जातात. बहामाची बेटं खरं तर अटलांटिक महासागरात आहेत, कॅरिबियन समुद्रात नव्हेत. पण जाहिरातीत सगळं एकच. जहाज नासाऊ या बहामाच्या राजधानीत थांबतं, आणि बऱ्याचदा जहाज कंपनीच्या स्वतःच्या एखाद्या बेटावर.

दुसरं, आपल्या पासपोर्टवर जायचं तर अमेरिकेचा व्हिसा एकदाच प्रवेशाचा असून चालत नाही. जहाज अमेरिका सोडून दुसऱ्या देशात जातं आणि परत येतं, म्हणजे परतताना पुन्हा प्रवेश. तेव्हा अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा आहे ना, हे आधी बघावं. वाटेतल्या बेटासाठी वेगळं काही लागतं का, तेही तिकीट काढण्याआधी जहाज कंपनीला लेखी विचारावं.

तिसरं, हवामान. तिकडे 1 जून ते 30 नोव्हेंबर हा वादळांचा मोसम. त्यात भाडं कमी असतं, पण वादळ आलं की जहाज मार्ग बदलतं. ठरलेलं बंदर गाळून दुसरीकडे नेतात. डिसेंबर ते एप्रिल हवा चांगली, आणि भाडंही त्याच मानाने जास्त.

चौथं, पैसे. जाहिरातीतलं भाडं एका केबिनमध्ये दोघं धरून माणशी दिलेलं असतं. त्यावर बंदराचे कर आणि कर्मचाऱ्यांची बक्षिसी. ही बक्षिसी रोज माणशी खात्यावर चढते. बेनना ती शेवटच्या दिवशी बिलात दिसली आणि त्या चकितच झाल्या.

हा सगळा हिशेब मांडल्यावर माझं मत असं झालं, की लेक-जावयाकडे अमेरिकेला जाणारच असाल तर त्याला जोडून ही चार रात्रींची सफर करावी. छान होते. पण केवळ तेवढ्यासाठी इथून वीस-बावीस तास विमानात बसून जाणं आपल्यासारख्यांना परवडणारं नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला तर नाहीच.

जहाजच आपल्याकडे आलं

आणि इथे मला एक गंमत कळली. कॅरिबियनला आपण जाऊ शकत नसलो तरी तिकडचं एक जहाज मात्र मुंबईत आलं होतं!

1990 साली फ्रान्समधल्या सेंट नाझेरच्या गोदीत 'नॉर्डिक एम्प्रेस' नावाचं जहाज तयार झालं. मायामीहून बहामाला तीन-चार रात्रींच्या छोट्या सफरी करायच्या, हे डोळ्यांपुढे ठेवूनच ते बांधलं होतं. 2004 मध्ये त्याचं नाव 'एम्प्रेस ऑफ द सीज' झालं. मधली काही वर्षं ते एका स्पॅनिश कंपनीकडे होतं. 2016 मध्ये पुन्हा अमेरिकेत आलं आणि पुढे क्युबालाही जाऊ लागलं. कोरोनात सगळी जहाजं बंद पडली, तेव्हा डिसेंबर 2020 मध्ये ते विकलं गेलं. सप्टेंबर 2021 पासून 'एम्प्रेस' या नावाने कॉर्डेलिया क्रूझेसने ते मुंबईहून सुरू केलं. अकरा मजले, दोनशे मीटरहून जास्त लांबी, सुमारे 800 केबिन.

त्याच वर्षी, 1990 मध्येच, इटलीत तयार झालेलं आणखी एक जहाज 2019 मध्ये 'कर्णिका' नावाने मुंबईहून धावत होतं. कोरोनात ती कंपनी बंद पडली आणि कर्णिका भावनगरजवळच्या अलंगला भंगारात गेली. दोन जहाजं एका वयाची. एक आमच्या गुजरातच्या किनाऱ्यावर तोडलं गेलं आणि दुसरं मुंबईच्या धक्क्याला लागलं. जहाजांचंही नशीब असतं म्हणायचं!

रंगीत तालीम : हजिरा ते घोघा

एम्प्रेसची माहिती काढून झाली तरी माझ्या मनात एक धाकधूक होती. बोट लागली तर? एसटीत घाट लागला की आमच्या धाकटीचं जे होतं, ते दोन दिवस समुद्रावर झालं तर काय करायचं?

ह्यांनी एक सोपा उपाय काढला. कोसाडहून तासाभरावर हजिरा. तिथून खंभातच्या आखातापलीकडे भावनगरजवळच्या घोघ्याला रो-पॅक्स बोट जाते. रो-पॅक्स म्हणजे माणसं, मोटारी आणि मालाचे ट्रक एकत्र नेणारी मोठी फेरी बोट. 8 नोव्हेंबर 2020 रोजी ती सुरू झाली. रस्त्याने 370 किलोमीटरचा वळसा पडतो, समुद्रातून अंतर 90 किलोमीटर. दहा-बारा तासांच्या जागी चारेक तास. ऑक्टोबर 2022 मध्ये एका रविवारी आम्ही चौघं जाऊन आलो.

हा सल्ला मी प्रत्येकाला देते. मोठ्या सफरीवर पैसे घालण्याआधी चार तासांची एक छोटी बोट करून बघा. मुंबईकरांना भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची बोट आहे, आम्हाला हजिरा आहे. कुणाला बोट लागते, कुणाला कंटाळा येतो, कोण रेलिंगवर चढतं, सगळं कळतं.

खंभातच्या आखातातलं पाणी निळं नाही, गढूळ आहे. भरती-ओहोटीचा फरक इथे देशात सर्वांत मोठ्या फरकांपैकी एक. अलंगला मोठाली जहाजं याच भरतीच्या पाण्यावर थेट किनाऱ्यावर चढवतात. आमच्या बोटीलाही मधोमध ओढ जाणवली. धाकटीचा चेहरा पांढरा झाला. तिथल्या एका कर्मचाऱ्याने तिला आतल्या सीटवरून उठवून बाहेर आणलं आणि गुजरातीत म्हणाला, 'दूर जो, जमीननी लीटी जो.' दूर जमिनीची रेघ बघ. दहा मिनिटांत पोर सावरली.

नंतर आमच्या डॉक्टरांनी कारण सांगितलं. कानाच्या आतल्या भागाला हालचाल जाणवते आणि डोळ्यांना मात्र समोरची भिंत स्थिर दिसते. दोघांचं पटत नाही म्हणून मळमळतं. क्षितिजाकडे बघितलं की डोळे आणि कान एकच गोष्ट सांगू लागतात. मोबाइलमध्ये डोकं घातलं की उलट होतं. गोळी घ्यायची तर बोटीत चढण्याआधी, उलटी सुरू झाल्यावर तिचा उपयोग कमी. वयस्क माणसांनी आणि लहान मुलांनी ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. आल्याचा तुकडा मात्र बहुतेकांना चालतो.

मनातली खरी गोष्ट

आता एक गोष्ट, जी लिहावी की नाही असं वाटत होतं.

2019 मध्ये वडील गेले. त्यानंतर बेळगावच्या शहापूरमधल्या आमच्या जुन्या घरावरून माझं आणि दादाचं बिनसलं. त्याला घर पाडून बिल्डरला द्यायचं होतं. मी सही दिली नाही. भांडण असं झालं नाही. पण आईची गोळी, आईचा चष्मा, आईचं बँकेचं पासबुक, याखेरीज आमचं तीन वर्षांत बोलणं नव्हतं. दिवाळीला मी गेले की दादाला नेमकं दुकानात काम निघायचं. वहिनी आणि मी स्वयंपाकघरात कन्नडमध्ये हळू आवाजात बोलायचो, जणू काही आजारी माणूस शेजारच्या खोलीत झोपलाय.

आईला बोटीत बसवायचं म्हणजे दादाला विचारायला हवं होतं. मी वहिनीला फोन केला. तिने दोन दिवसांनी कळवलं, 'येतो म्हणाले. पण खर्च अर्धा-अर्धा.' मी म्हटलं, ठीक.

पैसे आणि केबिन

मी सोसायटीतल्या भिशीचे पैसे यासाठी बाजूला ठेवले. सफर ठरली फेब्रुवारी 2023 मध्ये. मुंबई ते गोवा, एकाच बाजूची, दोन रात्रींची. गोव्याहून बेळगाव घाट चढला की जवळ, आणि आम्हाला मडगावहून थेट सुरतेची गाडी. जाऊन-येऊन त्याच बंदरात यायचं की एकाच बाजूने जायचं, हे तुमचं गाव कुठे आहे त्यावर ठरवा. आपल्या सीमाभागातल्या मंडळींना गोव्याला उतरणं फार सोयीचं.

इथे मी एकदा फसले. पहिल्या एजंटाने फोनवर जो आकडा सांगितला, त्यात बंदराचे आकार, सेवाशुल्क आणि जीएसटी धरलाच नव्हता. पैसे भरायच्या दिवशी आकडा एवढा वाढला की ह्यांनी फोन ठेवून दिला. दुसरीकडे गेलो, तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारला, 'सगळं धरून, नऊ जणांचे, शेवटचा आकडा सांगा. आणि कागदावर द्या.'

आणखी एक विचारायचं, भाड्यात काय येतं? साधारणपणे केबिन, मुख्य जेवणघरातलं खाणं, नाटक-गाण्याचे काही कार्यक्रम आणि पोहण्याचा तलाव येतो. दारू, थंड पेयं, खास रेस्टॉरंट, इंटरनेट, मालिश आणि किनाऱ्यावरच्या सहली वेगळ्या. मुलांना चढण्याआधीच सांगून ठेवा, जहाजावर रोख पैसे दिसत नाहीत, नुसतं कार्ड दाखवायचं असतं. त्यामुळे खर्च होतोय हे कळतच नाही.

केबिन तीन तऱ्हेच्या. आतली, म्हणजे बिनखिडकीची, सगळ्यांत स्वस्त. मग खिडकीची, मग बाल्कनीची. दोन रात्रींसाठी बाल्कनीवर पैसे घालू नयेत असं माझं मत. दिवसभर माणूस डेकवरच असतो. आईसाठी मात्र आम्ही खिडकीची घेतली, आणि जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर मागितली. टोकाला आणि वरच्या मजल्यावर हेलकावा जास्त, मध्यावर आणि खाली कमी. पाळण्याचं गणित तेच. लिफ्टजवळची केबिन मागितली तर म्हाताऱ्या माणसांचे पाय वाचतात.

धक्क्यावर

आम्ही सुरतेहून पहाटेची फ्लाइंग राणी पकडली. आई, दादा, वहिनी आणि त्यांची दोन मुलं चालुक्य एक्स्प्रेसने दादरला उतरली. भेट झाली बॅलार्ड पिअरला, बंदराच्या दारात. (मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन सप्टेंबर 2025 मध्ये झालं. आता जाणाऱ्यांनी तिकिटावर कुठलं दार लिहिलंय ते नीट वाचावं. बंदराची दारं एकमेकांपासून लांब आहेत.)

दादाने बेळगावचा कुंदा आणला होता, मी थेपले. बाहेरचं खाणं बहुतेक जहाजांवर नेऊ देत नाहीत, तेव्हा सगळं रांगेतच संपवलं. चार मुलं एका डब्यावर. माझी मुलं गुजराती हेल काढून मराठी बोलतात, दादाची कन्नड हेल काढून. दहा मिनिटांत त्यांचं एकमेकांच्या नकला करणं सुरू झालं. दादा आणि मी बॅगा मोजत होतो.

देशातल्या देशात जायचं असलं तरी प्रत्येकाचं मूळ ओळखपत्र लागतं, मुलांचंसुद्धा. मोठ्या बॅगा तिथेच घेतात आणि केबिनच्या दारात काही तासांनी आणून ठेवतात. म्हणून गोळ्या, चष्मा, स्वेटर आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत ठेवावा. आईच्या बीपीच्या गोळ्या वहिनीने कमरेच्या बटव्यात ठेवल्या होत्या. तिचं खरंच कौतुक.

आईची आगबोट

चढल्यावर पहिलं काम कवायतीचं. भोंगा वाजतो, आणि संकट आलं तर कुठे जमायचं, लाइफ जॅकेट कसं घालायचं, हे दाखवतात. आमची मुलं कंटाळली. तरुण मंडळी फोटो काढत होती. आई मात्र पुढे उभी राहून एकेक शब्द ऐकत होती. जॅकेटचा पट्टा तिने दोनदा बांधून बघितला.

'एवढं काय आई, हे नुसतं दाखवतात,' मी म्हटलं.

'रामदास बुडाली तेव्हा मी दोन वर्षांची,' आई म्हणाली. 'बाबा सांगायचे. दुपारपर्यंत मुंबईत कुणाला पत्ता नव्हता.'

17 जुलै 1947. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट वादळी समुद्रात उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं बुडाली. स्वातंत्र्य महिन्यावर आलं होतं. आषाढातली अमावास्या, सणाला घरी निघालेली माणसं. कोकणातल्या आईच्या पिढीने ही गोष्ट घराघरात ऐकली आहे. त्या संध्याकाळी मी मुलांना ओढून आणलं आणि जॅकेट घालायला लावलं. तुम्हीही लावा.

मग आईने तिची बोट सांगितली. आईचं माहेर वेंगुर्ल्याचं. तेव्हा बेळगावचा माल आणि माणसं आंबोली घाट उतरून वेंगुर्ल्याला येत आणि तिथून आगबोटीने मुंबईला जात. बोट धक्क्याला लागत नसे. बाहेर समुद्रात उभी राही. किनाऱ्यावरून पडावात बसून तिच्यापर्यंत जायचं आणि लाटेचा हेलकावा साधून वर चढायचं. नऊ वर्षांच्या आईला एका खलाशाने काखेत धरून वर फेकलं आणि दुसऱ्याने झेललं. डेकवर घोंगडी अंथरून रात्र काढली. पावसाळ्यात बोटी बंद, नारळी पौर्णिमेनंतर पुन्हा सुरू.

'आणि इथे बघ, चालत आले आत. लिफ्टने,' आई म्हणाली. तिला त्यात थोडी फसवणूक वाटली असावी.

जाता जाता एक सांगते. आजही लक्षद्वीपसारख्या ठिकाणी, आणि कॅरिबियनमधल्या काही बेटांवरही, मोठं जहाज बाहेर उभं राहतं आणि छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. त्याला टेंडर म्हणतात. म्हणजे आईचा पडावच! समुद्र खवळला तर उतरायला मिळत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी असं बंदर आपल्या सफरीत आहे का, ते आधी विचारावं.

समुद्रावरचा दिवस

पहिल्या रात्री जहाज निघालं. मुंबईचे दिवे लांब जाईपर्यंत आम्ही रेलिंगला टेकून होतो. थोड्या वेळाने फोनची रेंज गेली. इथे एक खबरदारी घ्या, फोन विमानातल्यासारखा बंद मोडवर टाका. जहाजाचं स्वतःचं उपग्रहाचं नेटवर्क असतं. फोन आपोआप त्याला जोडला गेला तर घरी आल्यावर बिल बघून डोळे पांढरे होतात.

दुसरा दिवस पूर्ण समुद्रावर. तलावापाशी सकाळपासून मोठ्याने गाणी. मुलांना स्वर्ग, आईला डोकेदुखी. पण जहाज मोठं असतं. दुसऱ्या बाजूला, सावलीत, वाऱ्याला चार खुर्च्या मिळाल्या आणि आईने तिथे मुक्काम ठोकला. म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेलात तर पहिल्या तासात अशी एक जागा शोधा आणि सगळ्यांना दाखवून ठेवा. फोन चालत नसला की चुकामूक फार होते.

जेवणाचं विचाराल तर शाकाहारी माणसाची आबाळ झाली नाही. जैन जेवणही होतं. दुपारी जेवणघरात वाढणारा एक मुलगा मंगळूरचा निघाला. वहिनी आणि आई कन्नडमध्ये बोलताना त्याने ऐकलं आणि जवळ येऊन विचारलं, 'ऊट आयता, अज्जी?' आई एकदम खुलली. 'आय्तप्पा!' म्हणाली आणि त्याचं गाव, आई-वडील, पगार, लग्न, सगळं विचारून घेतलं. तो महिनोन्‌महिने घरी जात नाही, हे ऐकून तिचा घास अडला. त्यानंतर प्रत्येक जेवणाला तो आईला मऊ भात शोधून आणून द्यायचा. जहाजावरची ही मुलं दिवसाचे किती तास उभी असतात ते बघा, आणि त्यांच्याशी दोन शब्द बोला.

जहाजावर डॉक्टर असतो, पण तपासणीचे पैसे वेगळे. वयस्क माणसांच्या औषधांची चिठ्ठी आणि आजारांची माहिती एका कागदावर लिहून जवळ ठेवावी. आम्हाला गरज पडली नाही.

दुसरी रात्र

त्या रात्री मुलं कार्यक्रमाला गेली, हे आणि वहिनी त्यांच्याबरोबर. आईला झोपवून मी डेकवर आले तर दादा आईच्याच खुर्चीत बसला होता. मी परत वळणार होते. पण जाणार कुठे? जहाजच ते. घरी असते तर स्वयंपाकाचं निमित्त होतं, त्याला दुकानाचं. दोघांचेही फोन बंद. मी शेजारी बसले.

लांबवर मासेमारीच्या बोटींचे दिवे दिसत होते. बराच वेळ आम्ही त्यांच्याबद्दलच बोललो.

मग दादा म्हणाला, 'आई नोव्हेंबरात जिन्यावरून पडली. तुला सांगितलं नाही.'

मला काही सुचेना.

'बाथरूम खाली, झोपायची खोली वर. रात्री तीनदा उतरते. मी बिल्डरकडे पैशांसाठी गेलो नव्हतो. लिफ्ट पाहिजे होती.'

'मग हे मला का नाही सांगितलंस?'

'तू सही नाही म्हणालीस. मला वाटलं, हिला हिस्सा पाहिजे.'

मला हिस्सा नको होता. मला भीती होती की घर पाडलं तर बेळगावला उतरून जायचं कुठे? वहिनीच्या फ्लॅटमध्ये पाहुणी म्हणून? हे मी तीन वर्षांत कुणालाच सांगितलं नव्हतं, ह्यांनाही नाही. त्या रात्री सांगितलं. दादा काही बोलला नाही. थोड्या वेळाने त्याने खिशातून कुंद्याची एक पुडी काढली. रांगेत सगळं संपलं असं तो म्हणाला होता!

त्या रात्री ठरलं काहीच नाही. तसं खोटं लिहिणार नाही. क्रूझवर गेलात की घरातली भांडणं मिटतात, असंही म्हणणार नाही. पण मे महिन्यात मी बेळगावला गेले तेव्हा दादा मला घ्यायला स्टेशनवर आला होता. तळमजल्यावरच्या माडीखालच्या खोलीत आईची झोपायची सोय आणि शेजारी बाथरूम, एवढं काम आम्ही दोघांनी मिळून करून घेतलं. घर अजून उभं आहे. पाडायचं की नाही यावर आम्ही अजून वाद घालतो. पण आता मोठ्याने, आईसमोर.

गोवा

तिसऱ्या दिवशी सकाळी मुरगाव बंदर लागलं. उतरताना खात्याचं बिल तपासायला विसरू नका. आमच्या बिलात मुलांनी घेतलेली चार थंड पेयं निघाली. कबूल कुणीच केलं नाही. मंगळूरचा मुलगा दाराशी उभा होता. आईने त्याच्या हातात बक्षिसी ठेवली आणि 'मनिगे होगप्पा' असं बजावलं, घरी जा बाबा.

दादाची मंडळी गाडी करून घाटाने बेळगावला गेली, आम्ही मडगावला. निघताना आईने विचारलं, 'परत कधी गे?' मी म्हटलं, 'हजिऱ्याची बोट आहे ना, चार तासांची. कोसाडला ये, तिच्यात बसवते.'

ती अजून आलेली नाही. पण या हिवाळ्यात येते म्हणाली आहे. दादा आणून सोडणार आहे.

जाणाऱ्यांसाठी थोडक्यात

• मोठ्या सफरीआधी फेरी बोटीने चार तासांचा प्रवास करून बघा.

• आपल्या किनाऱ्यावर नोव्हेंबर ते मार्च समुद्र शांत. जून ते सप्टेंबर टाळा. कॅरिबियनसाठी डिसेंबर ते एप्रिल.

• भाडं विचारताना कर, बंदराचे आकार, सेवाशुल्क आणि बक्षिसी धरून एकच आकडा लेखी घ्या.

• बोट लागणाऱ्यांनी केबिन मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर मागावी.

• औषधं, ओळखपत्रं आणि एक कपड्यांचा जोड हातातल्या पिशवीत.

• बंदरावर उतरलात तर परतीची वेळ जहाजाच्या घड्याळाप्रमाणे पाळा. जहाज कुणासाठी थांबत नाही.

• लाइफ जॅकेटची कवायत मनापासून करा.

• अमेरिकेतून जाणार असाल तर अनेक वेळा प्रवेशाचा व्हिसा आणि प्रवास विमा हवाच. जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशीच त्या गावात पोचा. विमानाला उशीर झाला तर बोट चुकते.

• घरातल्या सगळ्यांना घेऊन जायचं असेल तर एक संध्याकाळ कार्यक्रमाविना मोकळी ठेवा.